शेऱ्याचा रकाना

पिसाचं देठ कापून नळीत टाकलं
तेव्हा मला काही वाटलं नव्हतं.
रोजचंच काम. टकल्या शराटीचं पिल्लू,
वय सोळा दिवस, वजन वहीत,
छातीवरचं अजून न उमललेलं एक पीस
आणि शफीउलच्या मुठीत त्याची धडधड.

"बाप नऊ नंबरच आहे, मॅडम," शफीउल म्हणाला,
"कशाला कागद खराब करता?"
सिल्हटचा हा माणूस सात वर्षं या जाळीत आहे.
अल ऐनला एप्रिलअखेर जबल हफीत पांढरा पडतो.
फवारे बंद पडले त्या दुपारी
नऊ अंड्यावर उभा राहिला होता,
पंख अर्धे पसरून, चोच उघडी,
अंड्यावर सावली धरून स्वतः धापा टाकत.
शफीउलने ते पाहिलं होतं. मी नाही.
मी तेव्हा एसीत
दुसऱ्याच कुणाच्या रक्ताच्या थेंबाला नंबर देत होते.

यंत्राने रात्रभर नकला काढल्या.
सकाळी पडद्यावर पट्ट्या.
प्रत्येक जागी एक आईची, एक बापाची,
हिशेब सोपा असतो.
चौदा नंबरची मादी सगळीकडे जुळली.
नऊ पहिल्या जागी जुळला, दुसऱ्या जागी जुळला,
तिसरीला नाही.
पाचवीला नाही. आठवीला नाही.
हात चुकला असेल म्हणून पुन्हा नळ्या भरल्या.
हात चुकला नव्हता.

बावीस.
पलीकडच्या कपारीतला,
ज्याने या घरट्यात एक काडी आणली नाही.

बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, म्हणतात आमच्याकडे.
इथे मला पगारच बाप दाखवण्याचा.
आणि ते मला पटतंही.
मोजके उरलेत हे पक्षी,
पुढच्या वर्षी कुणाला कुणाशेजारी सोडायचं
ते या वहीवरून ठरतं.
एक आकडा चुकला की भाऊ-बहीण एका घरट्यात.
तिथे माया चालत नाही.

तरी पेन थांबलं.

माझ्या नावाच्या मधोमध जो माणूस आहे
त्याला मी दोनदा पाहिलंय, त्यात एकदा कोर्टात.
सायकलची सीट मागून धरून
वेंगुर्ल्याच्या उतारावर चपला हातात घेऊन धावले
ते मावशीचे यजमान, आप्पा.
त्यांचं नाव माझ्या एकाही कागदावर नाही.
व्हिसावर, बँकेत, घरभाड्याच्या करारावर
तोच दोनदा पाहिलेला.
अरबीत उजवीकडून वाचलं तरी मधे तोच.

दुपारी खजुरांच्या बागेत, फलजाच्या काठी डबा उघडला.
ऋषीचं कूळ, नदीचं मूळ विचारू नये.
इथे नदीच नाही. जमिनीखालून येणारा हा पाट
ज्या विहिरीतून सुरू होतो तिला म्हणे आई म्हणतात,
शफीउलला एका म्हाताऱ्या माळ्याने सांगितलेलं.
"आणि बाप?" मी विचारलं.
"बापाचं कुणी विचारलंच नाही, मॅडम."
त्याची मुलगी तीन वर्षांची.
ती त्याला 'फोन' म्हणते.

संध्याकाळी लिहिलं:
माता १४. पिता २२.
शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद,
तिथे 'जंत' नाहीतर 'नखं वाढलेली' असलं काहीतरी येतं.
मी लिहिलं, उबवलं नऊने. सावली नऊने.
साहेब विचारतील, हे कशाला.
विचारू देत.

जाळीत तेव्हा नऊ परतला होता, घसा किड्यांनी भरून.
चौदाने मान खाली घातली, वर केली, पुन्हा खाली.
असंच करतात हे पक्षी, दर वेळी,
पाच मिनिटांपूर्वी भेटलेले असले तरी.
मग पिल्लाने अख्खं डोकं
त्याच्या घशात घातलं.